मार्चएंडचं अनुदान आणि आमची विडी घरकुलातली सेशन्स

बरेच जण विचारतात की लहान मुलांच्या सुरक्षिततेचं काम करता म्हणजे सरकारी अनुदान मिळत असेल की, मग अडचण काय. मिळतं. म्हणजे मिळालं एकदाचं. पण ते कसं मिळालं, कधी मिळालं आणि त्यातनं काय करता आलं हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, म्हणून जरा लांबण लावून लिहितेय. खात्याचं नाव, साहेबांची नावं लिहिणार नाही, माणसं बहुतेक चांगलीच भेटली, घोळ आहे तो योजना ज्या पद्धतीनं आखलीय त्यात.

आमची संस्था अगदी लहान. सोलापुरात पूर्व भागात एक भाड्याची खोली, फिल्डवर जाणाऱ्या चौघी आणि कागदाला मी. मी बी.कॉम., आधी एका सूत व्यापाऱ्याकडं हिशेब लिहायचे, त्यामुळं ट्रस्टचं ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज, संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा नंबर, आयकर सवलतीचे बारा-ए, ऐंशी-जी हे सगळं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. काम मुख्यतः अशोक चौक, नीलम नगर आणि कुंभारीकडच्या विडी घरकुलात. बाहेरगावच्यांसाठी सांगते, कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, आणि त्याच बाजूला रे नगरची घरं झाली, जिथं जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या पंतप्रधानांनी. बाई घरात विड्या वळते, नवरा यंत्रमागावर नाहीतर गारमेंटमध्ये, आणि शाळा सुटल्यावर मूल कुठं असतं तर शेजारी, काकाकडं, ट्यूशनला, कुणाच्या तरी दुकानात. म्हणजे सगळी ओळखीची माणसं. आणि नेमकी धास्ती तिथंच आहे. केंद्र सरकारनं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. तेव्हा ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको’ एवढं शिकवून मोकळं होता येत नाही.

आमची सेशन्स साधी असतात. वीस-पंचवीस मुलं, एकच गट, परत परत भेटायचं. पहिल्या भेटीत कुणी काही बोलत नाही हो, तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादी मुलगी मागं रेंगाळते, चप्पल शोधायला लागते, आणि मग बोलते. आणि बोलते ती घरच्या भाषेत. शाळेत मराठी, घरात तेलुगू, गल्लीत दखनी, अक्कलकोट साईडला गेलं की कन्नड, त्यामुळं तेलुगू बोलणारी बाई सोबत नसली तर तो गट फुकट जातो. आयांची बैठक वेगळी. सकाळी कारखान्यात माल देऊन, पुढचं पान-तंबाखू घेऊन अक्का लोक घरी आले की मगच, आणि तेव्हाही सूप मांडीवरच असतं, हात थांबत नाहीत, थांबले तर त्या दिवशीच्या हजार विड्या कशा होणार. आम्ही पण मग सांगतो ‘अक्का तुम्ही वळा, आम्ही बोलतो’.

हे सगळं आधी वर्गणी आणि एका ओळखीच्या डॉक्टरांच्या देणगीवर चालायचं. मग बदलापूरची घटना झाली, ऑगस्ट २०२४, शाळेत लहान मुलींवर अत्याचार. त्यानंतर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, आणि २०२२ पासून कागदावर असलेली सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची ती) हे सगळं परत निक्षून सांगितलं, आणि मुख्याध्यापकांचे फोनच फोन. म्याडम आमच्याकडं या, म्याडम गुड टच बॅड टच घ्या, शनिवारी चालेल का. मागणी एकदम वाढली आणि पैसा तेवढाच. तेव्हा ठरवलं, सरकारकडं मागू.

आता मागायचं कुठल्या हेडखाली, म्हणजे बजेटच्या कुठल्या लेखाशीर्षातनं? इथंच पहिला धडा मिळाला. मुलांच्या संरक्षणासाठी केंद्राची मोठी योजना म्हणजे मिशन वात्सल्य, राज्यात साधारण केंद्राचे साठ, राज्याचे चाळीस टक्के अशा हिश्श्यानं चालते. त्यातनं जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती, बालगृहं हे चालतं आणि प्रायोजकत्व म्हणून गरजू मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. राज्याची बाल संगोपन योजना आहे, २०२३ पासून मुलामागं महिना २,२५० आणि संस्थेला मुलामागं २५०. चांगल्या योजना आहेत, आमच्या वस्तीतल्या कितीतरी विधवा बायांच्या पोरांचं शिक्षण त्यावर चाललंय, त्याबद्दल वाद नाही. पण नीट बघितलं तर प्रत्येक ठिकाणी पैसा एका ठरावीक मुलाच्या फायलीला चिकटलेला आहे. मूल अनाथ झालं, बाप गेला, अत्याचार झाला, केस झाली, समितीपुढं आलं, की मग हेड उघडतं. काही झालेलंच नाही आणि होऊ नये म्हणून काम करायचंय, तर त्या मुलाची फाईल कुठनं आणू?

कायद्यात नाही असं नाही बरं का. पॉक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम ४३ मध्ये सरकारनं जनजागृती करायची, संबंधितांना प्रशिक्षण द्यायचं असं आहे. २०२० च्या नियमांत तर तिसरा नियम पूर्ण त्याच्यावरच आहे, वयानुसार साहित्य बनवा, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या स्टाफला ट्रेनिंग द्या. म्हणजे करायचं काय ते लिहिलंय, कोणत्या लेखाशीर्षातून करायचं ते मात्र जिथं तिथं ज्याचं त्यानं शोधायचं. जिल्हा वार्षिक योजनेत ३ टक्के निधी महिला व बालविकासाला ठेवायचा असा राज्याचा निर्णय आहे, ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असाही नियम आहे. पण बघायला गेलं तर हा पैसा बहुतेक बांधकाम, साहित्य खरेदी, शिलाई मशीन असल्या दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. भिंत दाखवता येते. न घडलेली गोष्ट कशी दाखवणार.

शेवटी एका खात्याच्या जनजागृतीच्या योजनेत बसतंय असं तिथल्या कारकून भाऊसाहेबांनी सांगितलं. त्या माणसाचे उपकार आहेत, त्यांनीच नमुना दिला, कुठं काय लिहायचं ते पेन्सिलीनं मार्क करून. ‘म्याडम, तुमचं काम चांगलंय ओ, पण या फॉर्मात बसवून आणा, मग मी वर पाठवतो.’ तो फॉर्म मुळात बचतगटांच्या प्रशिक्षणासाठी बनवलेला. लाभार्थी संख्या, प्रति लाभार्थी खर्च, साहित्य, अल्पोपहार, बॅनर, फोटो. मानधनाला जागाच नाही. म्हणजे बिस्किटाचे पैसे मिळतील, बॅनरचे मिळतील, पण मुलाशी बोलणाऱ्या बाईचे मिळणार नाहीत. मी तेलुगू सेशन घेणारीचं मानधन ‘इतर’ मध्ये घातलं तर त्रुटी निघाली, इतरचं विवरण द्या. विवरण दिलं तर परत त्रुटी, आस्थापना खर्च अनुज्ञेय नाही. मग एका साहेबांनीच सुचवलं की ‘तज्ज्ञ मार्गदर्शक प्रवास व मानधन’ असं लिहा, पण सेशनमागं एकदाच. आमची पद्धत तर एकाच गटाला परत परत भेटायची. फॉर्म म्हणतो लाभार्थी एकदा मोजला की झाला, दुसऱ्यांदा तेच मूल आलं तर ते दुबार नाव. आता बोला.

बाकी कागदांचं लिहीत बसत नाही, सगळ्या संस्थांना माहितीय. तीन वर्षांचे ऑडिट, परिशिष्ट एक (विश्वस्तांच्या नावांचा धर्मादायचा उतारा), ठराव, कर्मचाऱ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन (हे मात्र मागायलाच पाहिजे, उलट मुलांच्या कामाला हे सगळ्यात आधी मागावं), शंभर-पाचशेचे स्टॅम्प. त्रुटी काढायच्या तर एकदम काढाव्यात एवढंच म्हणणं, एकेक करून काढतात आणि प्रत्येक वेळी फाईल परत आवक-जावक पासनं सुरू.

प्रशासकीय मान्यता आली तेव्हा दिवाळीचे फटाके संपून गेले होते. तरी आम्ही खूश, कारण ऊसतोडीचा हंगाम सुरू होता. सोलापूर जिल्ह्यात राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने, दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, आईबाप पहाटे अंधारात फडात आणि पोरं कोपीवर एकटी, नाहीतर लहान भावंडाला सांभाळत. आमच्या प्रस्तावात दोन तळांवरची मुलं होती, मोहोळ आणि माढ्याकडची. मान्यता आहे म्हणजे पैसा येईलच असं धरून टोळ्यांच्या मुकादमांशी बोलणी पण केली. पण मान्यता म्हणजे पैसा नव्हे. निधी बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर यायला पाहिजे, मग बिल, मग कोषागार. डिसेंबर गेला, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली, फेब्रुवारी गेला. पैसे खात्यावर जमा झाले मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि सोबत फोन, की खर्च एकतीसच्या आत दाखवायला लागेल, नाहीतर निधी व्यपगत होईल, म्हणजे परत जाईल.

तोपर्यंत कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप संपलेलं. टोळ्या ट्रॅक्टरला संसार बांधून गावाला गेल्या. शाळांमध्ये परीक्षा. विडी घरकुलात मुलं होती, पण आठवडाभरात काय काय करणार. मग जे सगळ्या संस्था मार्चमध्ये करतात तेच, पुस्तिका छापून घेतल्या, बॅनर केले, एका शाळेच्या मैदानात पाचशे मुलं बसवून माईकवर एक तास. फोटो छान आले. लोकेशनवाला फोटो पाहिजे होता, तोही आला. ‘लाभार्थी ५००’ रकान्यात बसले, प्रति लाभार्थी खर्च एकदम कमी दिसला, वरनं शाबासकी. आणि त्या पाचशेपैकी एकाही मुलाला आमच्या बाईचं नाव माहीत नाही, परत कधी भेटणार ते माहीत नाही. माईकवर कोण सांगणार आपल्या घरातली गोष्ट?

उरलेलं काम आम्ही नेहमीसारखं आमच्या वर्गणीतनं केलं. त्यातच एका गटात एका मुलीनं सांगितलं. जास्त काही लिहीत नाही, लिहू पण नये. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक, लपवलं तर आपल्यावरच कलम २१. कळवलं. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, तेही झालं, केसभर मुलीला साथ द्यायला सपोर्ट पर्सन मिळाली. पण त्यानंतर आमची एक कार्यकर्ती कितीतरी आठवडे त्या आईबरोबर होती, दवाखाना, जबाब, समिती, परत जबाब, रिक्षाभाडं, आईची बुडलेली मजुरी, आणि नातेवाइकांचं ‘मिटवून घ्या की आता’ हे रोजचं. या सगळ्याला अनुदानात एक रुपया नाही, कारण आमचं हेड जनजागृतीचं. जनजागृती झाली, मूल जागं झालं, बोललं, त्याच्या पुढचं दुसऱ्या कुणाचं तरी काम. आणि पुढच्या आढावा बैठकीत एकानं विचारलं, तुमच्या भागात केसेस वाढलेल्या दिसतात, मग प्रतिबंधाचा उपयोग काय? वाईट हेतूनं नाही विचारलं, त्याला खरंच तसं वाटत होतं. अहो, जिथं मुलं बोलायला लागतात तिथं सुरुवातीला तक्रारी वाढणारच. तक्रार शून्य असलेला भाग सुरक्षित असतोच असं नाही, कुणी विचारलं नसेल असंही असतं.

यूसीचं, म्हणजे निधी वापरल्याच्या प्रमाणपत्राचं पण सांगते. सीएनं सही केली, पण व्हाउचरवर अडलं. अक्का लोकांना बैठकीचा चहा-नाष्टा ज्या बाईकडनं घेतला तिच्याकडं जीएसटी बिल कुठलं. अंगठा असलेलं व्हाउचर चालत नाही म्हणे. बॅनरवाल्याचं पक्कं बिल एका झटक्यात पास. म्हणजे कागद ज्याचा पक्का त्याच्याकडंच पैसा वळतो, वस्तीतल्या बाईकडं जात नाही.

एवढं सगळं झाल्यावर मी वैतागून सोडून देणार होते. पण त्याच खात्यानं योजनेच्या सूचना सुधारायच्या म्हणून संस्थांची बैठक लावली, लेखी म्हणणं द्या म्हणाले. मी रात्री बसून चार पानं लिहिली. मुद्दा माझा एकच होता, पैसा मुलांच्या कॅलेंडरप्रमाणं यावा, सरकारच्या नव्हे, आणि मोजायचं असेल तर डोकी मोजू नका, परत भेटलेल्या भेटी मोजा. पहिला हप्ता मान्यतेबरोबरच द्या. मानधन हाच मुख्य खर्च आहे हे मान्य करा. मूल बोललं तर पुढच्या धावपळीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. आणि एका वस्तीला तीन वर्षं द्या.

बैठकीत विरोध झाला तो साहेबांकडनं नाही, एका मोठ्या संस्थेच्या सरांकडनं. त्यांचं म्हणणं, प्रति मूल एक रेट ठरवून टाका, सगळ्यांना सोपं. त्यांना सोपंच आहे, त्यांच्याकडं गाडी आहे, माईक आहे, रोज दोन शाळा करतात. त्या रेटमध्ये आमचा पंचवीसचा गट कधीच बसणार नाही. मी तिथंच बोलले, जरा जोरातच बोलले.

अमेरिकेचं उदाहरण पण दिलं, कारण तिथंही हेच रडगाणं होतं. तिथं केंद्राचा मोठा पैसा मुख्यतः मूल घरातनं काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवल्यावरच सुटायचा. २०१८ मध्ये कायदा बदलला आणि मूल घरात असतानाच पालकांना मदत, व्यसनमुक्ती, समुपदेशन यावर तोच पैसा वापरायची मुभा दिली. पण अट अशी, की अभ्यासानं सिद्ध झालेल्या आणि यादीत आलेल्या कार्यक्रमांनाच. ऐकायला बरोबर वाटतं. पण अभ्यासाला पैसा लागतो, विद्यापीठ लागतं, म्हणजे यादीत मोठेच जाणार. आपण उद्या तशी यादी केली तर विडी घरकुलात तेलुगूतनं घेतलेल्या सेशनचा अभ्यास कोण करून ठेवणार आहे? म्हणून पुरावा मागा, पण तो जमवायला वेळ आणि पैसा त्याच अनुदानात द्या, असं मी लिहिलं होतं.

साहेबांचं उत्तर प्रामाणिक होतं. म्हणाले, ‘म्याडम, माझं बजेटच एका वर्षाचं, तीन वर्षांचं आश्वासन मी कुठनं देऊ? आणि अंगठ्याच्या व्हाउचरवर पैसे सोडले तर उद्या ऑडिटचा आक्षेप, तो पॅरा, मला लागणार, तुम्हाला नाही.’ खरंय की. बोगस संस्था नाहीत असं कोण म्हणतं, एकाच खोलीत तीन बोर्ड लावलेल्या मी स्वतः बघितल्यात. त्यांच्यामुळंच हे सगळे रकाने वाढत गेलेत आणि त्रास मात्र आम्हाला, कारण बोगसवाल्यांचे कागद सगळ्यात पक्के असतात.

तीन वर्षांचं त्यामुळं मान्य झालंच नाही, आणि मूल बोलल्यानंतरच्या कामाला पैसाही नाही, ते ‘संबंधित यंत्रणेकडून करून घ्यावे’ एवढंच लिहून आलं. पण मंजूर रकमेच्या एक तृतीयांशपर्यंत मानधन चालेल असं आलं. दोन हप्ते झाले, पहिला मान्यतेसोबत. छोट्या रकमेसाठी सरपंच किंवा नगरसेवकाच्या सहीचं व्हाउचर चालणार. आणि फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला, ‘त्याच गटाच्या पुनर्भेटी’. तो रकाना बघून आमच्या फिल्डवरच्या चौघींनी मला भजी खाऊ घातली. बचतगटाचा तो जुना फॉर्म मात्र तसाच आहे, त्याला नुसतं ठिगळ लावलंय, अल्पोपहाराची ओळ अजून मानधनाच्या वर आहे.

यंदाचा प्रस्ताव पावसाळ्यातच दिलाय, मुद्दाम, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत पहिला हप्ता आला तर तळावरची मुलं हाताला लागतील. टिपणी वर गेलीय असं भाऊसाहेब सांगतात. तळावर एकदा टोळी आली की त्याच मुलांना हंगामभर भेटता येतं, त्यामुळं पुनर्भेटीचा रकाना तिथं सगळ्यात चांगला भरेल असा माझा हिशेब आहे.

कुणाला करायचं असेल तर सगळं जिल्ह्यावरच मागत बसू नका, ग्रामपंचायतीच्या १० टक्क्यांकडंही बघा. कुंभारीसारखी वस्ती पण शहराला लागून असली तरी ग्रामपंचायतीतच येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अंदाजपत्रक बनायच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मागच्या वर्षी त्या १० टक्क्यांचं काय झालं त्याचा तपशील मागा. आम्ही दोन गावांत दिलाय. एका सरपंचबाईंनी तिथंच विचारलं, किती मुलांचं करणार? मी म्हटलं पंचवीस. त्या म्हणाल्या, एवढीच? मग अर्धा तास बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांनी विषय ग्रामसभेत घेते म्हणून शिक्का मारून दिला.